खिळे, कोयता आणि काउंटर

1988 साली मी पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. तिथे एक काका खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवत. डाव्या हातात स्टिक, उजवा हात समोरच्या केसमधल्या खणांवर. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो खण. पण काकांची नजर हस्तलिखितावरून ढळत नसे. हात आपोआप हव्या त्या खणात जाई. शिशाची उलटी अक्षरं ते सुलट्यासारखी वाचत, आणि लेखकाची ऱ्हस्व-दीर्घाची चूक जुळवता जुळवताच दुरुस्त करत. छपाई झाली की तेच खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात सोडायचे.

पाच-सहा वर्षांत छापखान्यात संगणक आले. केस, खिळे, फर्मे शिशाच्या भावाने मोडीत गेले. काका तेव्हा पन्नाशीचे होते. त्यांना कुणी कामावरून काढलं नाही, बांधणीकडे छापील कागद दुमडायला बसवलं. वर्षभराने ते यायचेच थांबले.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे आपण सगळेच म्हणतो त्या एआयची, चर्चा चालते तेव्हा मला काका आठवतात. जेवणाच्या ताटावर, लग्नाच्या मांडवात, व्हॉट्सअॅपच्या गटात ठरावीक वाक्यं फिरत असतात. त्यांतली बरीचशी मला पटत नाहीत. मी काही संगणकतज्ज्ञ नाही. पण तीन कामं यंत्राच्या तोंडी जाताना मी जवळून पाहिली आहेत: छापखान्यातलं माझं स्वतःचं, बँकेतलं नवऱ्याचं, आणि माहेरी श्रीगोंदा तालुक्यात उसाच्या फडातलं.

गैरसमज : ‘येत्या काही वर्षांत निम्म्या नोकऱ्या जाणार.’

हा आकडा अगदीच हवेतला नाही. 2013 साली ऑक्सफर्डच्या कार्ल फ्रे आणि मायकेल ऑस्बोर्न यांनी अमेरिकेतले 702 व्यवसाय तपासले आणि तिथल्या 47 टक्के नोकऱ्यांना यांत्रिकीकरणाचा मोठा धोका आहे, असं मांडलं. तंत्राच्या दृष्टीने हे होऊ शकतं, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. बातम्यांमध्ये ‘होऊ शकतं’चं ‘होणार’ झालं. तीनच वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी अख्खा व्यवसाय न धरता त्यातली एकेक कामं सुटी करून मोजली, तेव्हा अमेरिकेसाठीच हा आकडा 9 टक्क्यांवर आला. देश तोच, यंत्रंही तीच. फरक मोजण्याच्या पद्धतीचा.

नोकरी म्हणजे कामांची मोळी असते. त्यातली एक कांडी यंत्राने ओढून नेली म्हणून मोळी सुटतेच असं नाही. 2016 साली जेफ्री हिंटन या मोठ्या शास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, सांगितलं होतं की आता रेडिऑलॉजिस्ट घडवणं थांबवायला हवं. पाच, फार तर दहा वर्षांत संगणक त्यांच्यापेक्षा चांगलं वाचेल. एक्स-रे वाचण्यात संगणक खरंच पटाईत झाला. तरी रेडिऑलॉजिस्ट आजही कमीच पडतात, कारण फिल्म वाचणं हे त्यांच्या दिवसातलं एक काम. सोनोग्राफीचा प्रोब पोटावर त्यांनाच फिरवावा लागतो, सर्जनशी बोलावं लागतं, शंका आली तर सुई घालून तुकडा काढावा लागतो. आपल्याकडे गर्भवतीची सोनोग्राफी केली की गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचा एफ फॉर्म भरावा लागतो आणि त्याखालची सही कायद्यापुढे उत्तर देणाऱ्या माणसाची असते.

गैरसमज : ‘बँकेत संगणक आले तेव्हाही असाच आरडाओरडा झाला. काय झालं? काहीच नाही.’

हे वाक्य मी घरातच ऐकते. त्यात अर्धं सत्य आहे आणि उरलेलं अर्धं सोयीने विसरलेलं आहे.

ऐंशीच्या दशकात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकाला कडाडून विरोध केला. 1983 साली बँका आणि संघटनांमध्ये करार झाला, 1984 साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि शाखांमध्ये जे यंत्र शिरलं त्याला संगणक म्हणायचीही चोरी होती. त्याचं नाव ‘लेजर पोस्टिंग मशीन’. म्हणजे यंत्र आलं, पण वाटाघाटी करून, किती आणि कुठे हे ठरवून आलं. कुणाच्या पोटावर पाय न देता ते येऊ शकलं याचं मोठं कारण ही घासाघीस आहे. आज त्या संघटनांना प्रगतीच्या आड आलेले लोक म्हणून हिणवलं जातं, ते मला खटकतं.

आता विसरलेला भाग. 2000-01 मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सुमारे 1 लाख माणसं बाहेर पडली. त्यानंतर शाखा वाढल्या, कर्ज विकणारे, विमा विकणारे अधिकारी वाढले; कारकुनांचं प्रमाण मात्र घटत गेलं. खेड्यातल्या काउंटरची जागा बऱ्याच ठिकाणी बँक मित्राने घेतली. रिझर्व्ह बँकेने 2006 मध्ये या व्यवस्थेला परवानगी दिली. किराणा दुकानाच्या कोपऱ्यात अंगठा टेकवायचं छोटं यंत्र घेऊन बसलेला तरुण खातं उघडतो, पैसे देतो, आजींना शिल्लक वाचून दाखवतो. माझ्या नवऱ्याने काउंटरवर तीस वर्षं जे केलं तेच तो करतो. नवऱ्याला पगार, रजा, निवृत्तिवेतन होतं. या मुलाला व्यवहारामागे कमिशन मिळतं. यंत्राला रेंज नसेल त्या दिवशी तेही नाही. काम शिल्लक राहिलं, त्याच्या अटी गेल्या. नोकऱ्या किती राहिल्या याची गणती करताना हा फरक कुठल्याच रकान्यात बसत नाही.

अमेरिकेतली एटीएमची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. जेम्स बेसन या अर्थतज्ज्ञाने दाखवून दिलं की 1995 ते 2010 या काळात तिथली एटीएम यंत्रं सुमारे 1 लाखावरून 4 लाखांवर गेली, तरी बँकांतले रोखपाल कमी झाले नाहीत. शाखा चालवणं स्वस्त झालं, म्हणून शाखाच वाढल्या. व्याख्यानांमध्ये गोष्ट इथे संपते. पण 2010 नंतर बँक लोकांच्या खिशातल्या फोनमध्ये आली आणि रोखपालांची संख्या घसरू लागली. एटीएमला रोखपालाचं एक काम घेता आलं होतं. फोनने शाखेत जायचं कारणच काढून घेतलं. पहिल्या यंत्राने नोकरी गेली नाही, यावरून पुढच्या यंत्राबद्दल काही सांगता येत नाही. आपल्याकडे 2016 मध्ये यूपीआय सुरू झालं आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात त्यावर 1000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्यातले किती व्यवहार पूर्वी स्लिप भरून झाले असते, याचा विचार माझा नवरा पासबुक छापायच्या यंत्रासमोर रांगेत उभा असताना करतो.

गैरसमज : ‘आधी कुऱ्हाड पडणार ती हाताने राबणाऱ्यांवर. शिकलेल्यांना भीती नाही.’

एआयच्या बाबतीत हे जवळजवळ उलटं आहे. हान्स मोराव्हेक या यंत्रमानवशास्त्रज्ञाने 1988 मध्येच लिहून ठेवलं की मोठ्या माणसांना अवघड वाटणारी बुद्धीची कोडी संगणकाला सोपी जातात, आणि वर्षाच्या पोराला जमणारं पाहणं, चालणं, वस्तू उचलणं त्याला फार जड जातं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2023 मध्ये मजकूर लिहिणाऱ्या एआयचा अभ्यास केला तेव्हा सगळ्यात जास्त झळ पोचणारं काम निघालं कारकुनी. त्यातल्या 24 टक्के कामांवर या तंत्राचा मोठा परिणाम संभवतो. कारकुनीत बायका जास्त, म्हणून झळही त्यांना जास्त.

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसावर एआयचे प्रयोग चालू आहेत. उपग्रहाची चित्रं, जमिनीत पुरलेले सेन्सर, हवामानाची माहिती हे सगळं एकत्र करून शेतकऱ्याच्या फोनवर येतं: पाणी किती द्यायचं, खत कुठे कमी आहे, ऊस तोडायला कधी आला. जुन्या जाणत्या शेतकऱ्याचं हे ज्ञान. ते यंत्राला आलं. ऊस प्रत्यक्ष तोडायला मात्र अजून कोयताच लागतो.

तोडणी यंत्र नाही असं नाही. कोटीच्या घरातलं हे धूड सरीवरून जातं, बुडख्यातून ऊस कापतं, त्याच्या कांड्या करतं, पंख्याने पाला उडवतं आणि शेजारून चाललेल्या जाळीच्या ट्रॉलीत माल ओततं. माझ्या भावाच्या शेतात ते एकदाच आलं. त्याच्या सऱ्या साडेतीन फुटांच्या. यंत्राला साडेचार-पाच फूट हवं. तुकडा सव्वा एकराचा, कडेला विहीर आणि लिंबाचं झाड. यंत्राला वळायलाच जागा नव्हती. शिवाय वजनातून पाचटाची कपात, आणि गुरांना घालायचे वाढे सगळे चिंधडून गेलेले. पुढच्या हंगामात पुन्हा ऊसतोड मजुरांची टोळी आली.

ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, ती मजुरीची मोजणी आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्याने तोडायचं, तिने मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, त्याचा दंड वेगळा. 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर जे आकडे आले ते मी विसरू शकत नाही: बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण.

असं काम यंत्राने केलं तर मला आनंदच होईल. मी हे एकदा कोपीसमोर, म्हणजे मजुरांच्या पाचटाच्या झोपडीसमोर, चूल पेटवत बसलेल्या एका बाईला बोलून दाखवलं. ती माझ्याच वयाची होती. म्हणाली, “येऊ द्या की ताई मशीन. पण पोरीच्या लग्नाला उचल कोन देनार, मशीन?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. राज्य सरकारने 2023 मध्ये 900 तोडणी यंत्रांसाठी अनुदान जाहीर केलं. किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यांत जे कमी असेल ते. अनुदान यंत्र विकत घेणाऱ्याला. यंत्र ज्यांचं काम घेणार त्या कोयत्याच्या वाट्याला काय, हा प्रश्न त्या चुलीपाशी आजही तसाच आहे. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. यंत्रांची एवढी चर्चा असताना 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 रुपयांवर गेला. फडात माणूस मिळेना, आणि संघटना संपावर ठाम होत्या. यंत्र दाराशी उभं असलं तरी मजुरी वाढू शकते.

गैरसमज : ‘यंत्राला विरोध करतात ते अडाणी.’

इंग्रजीत अशांना लडाइट म्हणायची पद्धत आहे. 1811 मध्ये नॉटिंगहॅमच्या आसपास मागांची मोडतोड करणारे हे लोक मुळात कसबी विणकर होते. माग तर त्यांचं रोजचं हत्यार. त्यांचा राग होता तो उमेदवारी न केलेल्या पोरांना कमी मजुरीवर बसवून हलकं कापड काढणाऱ्या मालकांवर. सरकारने 1812 मध्ये माग मोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी यॉर्कला 17 जणांना फासावर चढवलं. मुंबईच्या गिरणगावाबद्दल याच्या उलटा गैरसमज ऐकू येतो, की नवी यंत्रं आली म्हणून गिरण्या गेल्या. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मुंबईतल्या कित्येक गिरण्यांत यंत्रं जुनाट होती. नफा नव्या मागांत घालण्याऐवजी दुसरीकडे वळवला गेला होता, आणि कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर स्वस्तात निघत होतं. पुढे जमिनीलाच सोन्याचा भाव आला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचं आयुष्य उलथलं ते माणसांनी घेतलेल्या निर्णयांमुळे.

गैरसमज : ‘एआय आपोआप शिकतं.’

यंत्राला चित्रातलं मांजर ओळखता यावं म्हणून उभारलेल्या इमेजनेट या संग्रहात 1 कोटी 40 लाखांहून जास्त चित्रं आहेत. त्यांवर नावं डकवण्याचं काम 167 देशांतल्या सुमारे 49,000 माणसांनी घरबसल्या, चित्रामागे क्षुल्लक मोबदल्यावर केलं. आपली मराठी यंत्राला समजावी म्हणूनही कुणीतरी घसा कोरडा केला आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गावातली गरीब माणसं, शहरातली गरीब माणसं आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा 36 जणांनी फोनसमोर बसून मराठी वाक्यं मोठ्याने वाचली. 109 तासांचं बोलणं जमा झालं. गरीब वाचकांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं. मला ही बातमी वाचून अभिमान वाटला होता. मग मनात आलं, तो आवाज यंत्रात गेला तो कायमचा. मोबदला मिळाला तो त्या तासांपुरता.

गैरसमज : ‘नवं शिका, म्हणजे झालं.’

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण हे माझ्यावर गुदरलं आहे.

खिळे गेले तेव्हा मी संगणक शिकले. संगणकावर मराठी टंकायला पुण्यातच तयार झालेली श्रीलिपी आली, सीडॅकचं आयएसएम आलं. कळफलक पाठ केला. डीटीपी करणाऱ्या मुलामुलींची एक पिढी त्यावर जगली. मग युनिकोड आलं, लेखक स्वतःच टंकून पाठवू लागले आणि ते दुकानही बसलं. मी भाषांतराकडे वळले. म्हणजे मी प्रत्येक वेळी नवं शिकले, आणि प्रत्येक वेळी मला ते जमलं कारण घरात एक पगार येत होता. काकांच्या घरी दुसरा पगार नव्हता. त्यांच्यात आणि माझ्यात अकलेचा फरक कधीच नव्हता. त्यांची अक्कल माझ्याहून जास्तच होती.

तीन वर्षांपूर्वी एका संस्थेकडून रुग्णांसाठीची माहितीपत्रकं आली. भाषांतर यंत्राने केलेलं होतं. “फक्त नजर फिरवून द्या,” असा निरोप आणि शब्दामागचा दर निम्म्याहून कमी. पहिल्याच पानावर ‘जखमेवर मलम लागू करा’. आपण मलम लावतो, लागू होतो तो कायदा. हे हसून सोडता आलं असतं. पण तिसऱ्या पानावर गोळी ‘प्रत्येक इतर दिवशी’ घ्यायला सांगितली होती. मूळ इंग्रजीत अर्थ होता एक दिवसाआड. एखादे आजोबा हे वाचून गोळी रोज घेतील, नाहीतर घेणारच नाहीत. बाकीचं पान स्वच्छ, वळणदार मराठीत होतं, आणि तीच खरी अडचण. चूक गुळगुळीत वाक्यांमध्ये दडून बसते. ती शोधायला प्रत्येक शब्द मुळाशी ताडून पाहावा लागतो. वेळ जवळजवळ तेवढाच गेला, पैसे निम्मे आले.

माझी काळजी मात्र त्या पैशांपेक्षा वेगळी आहे. ‘प्रत्येक इतर दिवशी’ माझ्या नजरेला टोचलं, कारण पहिली काही वर्षं मी नुसती मुद्रितं वाचली आणि काकांच्या शिव्या खाल्ल्या. नवख्याचं ते रटाळ काम आता यंत्र करतं. मग यंत्राची चूक पकडणारा माणूस तयार कुठे होणार? अमेरिकेतल्या पगारपत्रकांवरून स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी 2025 मध्ये हेच दाखवलं: एआयची झळ सर्वाधिक असलेल्या व्यवसायांत 22 ते 25 वयाच्या मुलांचा रोजगार इतरांच्या तुलनेत 13 टक्क्यांनी घसरला, त्याच व्यवसायांतले अनुभवी लोक बरेचसे टिकून राहिले. शिडीच्या वरच्या पायऱ्या शाबूत आहेत, खालची निखळली आहे. तरुणांना ‘नवं शिका’ सांगताना पहिला पाय कुठे ठेवायचा, तेही सांगायला हवं.

अटी घालता येतात, हे हॉलिवूडच्या लेखकांनी 2023 मध्ये दाखवलं. 148 दिवस संप केला आणि लिहून घेतलं: एआयला लेखक म्हणून श्रेय नाही, लेखकाला ते वापरायची सक्ती नाही, आणि यंत्राने लिहिलेला मजकूर त्याच्या हाती दिला तर तसं आधी सांगावं लागेल. यंत्र बंद करा, असं ते कुठेच म्हणाले नाहीत. आमची काही एवढी मोठी संघटना नाही. पण पुण्यातल्या आम्ही अकरा भाषांतरकारांनी मिळून एक पानभर पत्रक केलं आहे. यंत्राचा मजकूर तपासायचा असेल तर दर शब्दाचा नाही, तासाचा. औषधं, करार, शेतीची फवारणी असा मजकूर असेल तर तपासणाऱ्याचं नाव पत्रकावर छापायचं. गिऱ्हाइकांपैकी दोघांनी काम दुसरीकडे नेलं, तिघांनी पत्रक मान्य केलं. त्या तिघांत ती माहितीपत्रकांची संस्थाही आहे.

गेल्या जूनपासून माझ्याकडे एम. ए. झालेली एक मुलगी शिकायला येते. रोजची पहिली दोन पानं ती यंत्राला न दाखवता स्वतः करते, मग मी लाल पेन घेऊन बसते. त्या दोन पानांचे पैसे मी माझ्या बिलातून देते, आणि पुढच्या महिन्यापासून ते गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळी ओळ म्हणून लावणार आहे.